जीन चालू झाला खरा, पण केला कोणी? हर्पीस शिरलेल्या पेशीत काय काय घडतं

प्रश्न असा आलाय. एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी एका मुलाने हर्पीस सिम्प्लेक्स टाइप १ ने इन्फेक्ट केलेल्या माणसाच्या पेशींचा आरएनए सिक्वेन्सिंगचा डेटा घेतला, आठ तासांनंतरचा, आणि त्यात पेशीचे स्वतःचे शेकडो जीन्स वर गेलेले, म्हंजे त्यांचा आरएनए वाढलेला, दिसतायत. पुस्तकात तर लिहिलंय की हा व्हायरस पेशीचं काम बंद पाडतो. मग हे जीन्स चालू कोण करतं, कसं करतं, आणि व्हायरसला त्यातून मिळतं काय?

प्रश्न मनापासून आवडला, कारण नेमक्या ह्याच जागी मी पण सुरुवातीला कित्येक महिने अडकले होते. हर्पीसवर काम करायला लागून आता वीस वर्षं होऊन गेली आणि आजही नवीन डेटा समोर आला की पहिला प्रश्न हाच विचारते, की हा जीन वर गेलाय तो कोणी नेला. पुस्तकातलंही खरं आहे आणि तुझा डेटाही खरा आहे. काही जीन्स पेशी स्वतःच्या बचावासाठी चालू करते, काही व्हायरस मुद्दाम आपल्या सोयीसाठी करतो, काही कुलपं फोडाफोडीच्या नादात आपोआप उघडतात, आणि बरेचसे खरं म्हंजे चालू झालेलेच नसतात, नुसते तसे दिसतात. यादीत हे सगळे एकाच रांगेत उभे राहतात आणि म्हणून गोंधळ होतो.

आधी व्हायरस आत कसा येतो ते बघ, कारण बाकी सगळं तिथूनच सुरू होतं. ह्याचा डीएनए साधारण १,५२,००० अक्षरांचा, त्यावर ऐंशीच्या वर जीन्स, माणसाच्या तीनशे कोटी अक्षरांपुढे काहीच नाही. पेशीच्या पृष्ठभागावर चिकटला, पडदा पडद्याला जोडला गेला, की डीएनए भरलेली डबी म्हंजे कॅप्सिड आत सुटते आणि पेशीच्याच मायक्रोट्यूब्यूलच्या रुळांवरून केंद्रकापर्यंत जाते, तिथल्या दारातून डीएनए आत सोडते. पण डबीच्या बाहेर टेग्युमेंट नावाचा प्रोटीन्सचा एक जाड थर असतो आणि तो पण आत सांडतो, त्यातलं व्हीपी१६ हे प्रोटीन माझ्या मते ह्या अख्ख्या गोष्टीतलं सगळ्यात महत्त्वाचं पात्र आहे.

व्हीपी१६ ला एकट्याला काहीच करता येत नाही, ते पेशीतली दोन प्रोटीन्स धरतं. एक ऑक्ट-१, जे रोज हिस्टोनचे (डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळतात त्या प्रोटीन्सचे) वगैरे जीन्स चालवायचं साधं काम करत असतं, आणि दुसरं एचसीएफ-१, जे पेशी विभागताना लागणाऱ्या जीन्सवर क्रोमॅटिन, म्हंजे डीएनएची गुंडाळी, उघडणारी यंत्रं आणून बसवतं. तिघं मिळून व्हायरसच्या पहिल्या जीन्ससमोरच्या एका ठराविक अक्षरक्रमावर बसतात आणि पेशीचं आरएनए पॉलिमरेज, म्हंजे जीन वाचून आरएनए बनवणारं यंत्र, तिथे खेचून आणतात. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ना, ते इथे शब्दशः लागू पडतं, मशीन पेशीचं, वीज पेशीची, कच्चा माल पेशीचा, व्हायरसने आणली ती फक्त एक किल्ली. आणि गंमत बघ, एचसीएफ-१ सापडलं तेच मुळी व्हायरसमुळे, व्हीपी१६ ला पेशीतलं कोण मदत करतं हे शोधताना. म्हणूनच त्याचं नाव होस्ट सेल फॅक्टर.

व्हीपी१६ ची जीन चालू करायची ताकद इतकी जबरदस्त आहे की १९८८ मधे त्याचा शेपटाकडचा तुकडा यीस्टच्या गॅल४ ला जोडून जीन चालू करायचं एक हत्यार बनवलं गेलं, आणि आज क्रिस्परने एखादा जीन कापायचा नसून चालू करायचा असेल तर जे व्हीपी६४ वापरतात तो त्याच तुकड्यातला लहानसा भाग चार वेळा जोडलेला असतो. तुझ्या लॅबमधल्या प्लास्मिडवर (डीएनएच्या छोट्या गोल तुकड्यावर) सीएमव्ही प्रमोटर, म्हंजे जीनसमोरचं चालू करायचं बटण, असेल तर तो पण ह्याच घराण्यातला, सायटोमेगॅलोव्हायरसचा. जीन जोरात चालू कसा करायचा हे आपण बरंचसं हर्पीसच्या घराण्याकडूनच शिकलोय.

व्हायरसचे स्वतःचे जीन्स एकदम चालू होत नाहीत, पाळीपाळीने होतात. हे होनेस आणि रॉयझमन यांनी १९७४ मधे दाखवलं, अल्फा, बीटा, गॅमा असे तीन गट. त्यामागचं लॉजिक मी मुलांना नेहमी सांगते कारण ते तुझ्या प्रश्नालाही तसंच लागू होतं. पेशीला सायक्लोहेक्झिमाइड दिलं की नवीन प्रोटीन बनणं थांबतं. तरीही अल्फा जीन्सचा आरएनए बनतोच, कारण त्याला लागणारं व्हीपी१६ व्हायरस बाहेरून घेऊन आलेला असतो. बीटाचा मात्र बनत नाही, कारण त्याला आधी अल्फाची प्रोटीन्स हवीत. म्हंजे एक साधं औषध घालून तू विचारू शकतोस की हा जीन चालू व्हायला व्हायरसचं नुसतं येणं पुरतं की आत आल्यावर त्याने काहीतरी बनवावं लागतं. पेशीच्या जीन्सबद्दल सुद्धा हाच प्रश्न विचारायचा.

अल्फा गटात आयसीपी०, आयसीपी४, आयसीपी२२, आयसीपी२७ आणि आयसीपी४७ ही पाच येतात. त्यातली तीन लक्षात ठेव, ०, ४ आणि २७, पुढे परत परत येणार आहेत.

आता पेशीची बाजू. डीएनए केंद्रकात असायला हवा, तो पेशीद्रवात दिसला तर काहीतरी घोळ आहे हे पेशीला बरोबर कळतं. सीगॅस नावाचं प्रोटीन असा परका डीएनए पकडतं आणि स्टिंगला निरोप देतं, केंद्रकातही आयएफआय१६ पहारा देतं, टीएलआर३ दोन पदरी आरएनएवर लक्ष ठेवतं, आणि ह्या सगळ्यांचा निरोप शेवटी आयआरएफ३ आणि एनएफ-कॅप्पा-बी ह्यांच्यापाशी येऊन पोचतो. ते केंद्रकात गेले की इंटरफेरॉन बीटा चालू. इंटरफेरॉन पेशीबाहेर पडतं, शेजारच्या पेशींना लागतं आणि त्यांच्यात शेकडो बचावाचे जीन्स उठवतं. तुझ्या यादीत आयएसजी, आयएफआयटी, एमएक्स असल्या नावांचे जीन्स वर असतील तर ते हे, हे व्हायरसला नको असलेले जीन्स आहेत.

ह्यातला एकच धागा तुटला तर काय होतं ते मला फार हलवून सोडतं. हर्पीस सिम्प्लेक्स जगात जवळजवळ सगळीकडे आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ सालच्या अंदाजाप्रमाणे पन्नाशीच्या आतल्या ३७० कोटी लोकांना, म्हंजे ६७ टक्क्यांना, टाइप १ होऊन गेलेला असतो, बहुतेकांना ओठावर चार फोड यापलीकडे काही होत नाही. पण दरवर्षी दहा लाखात दोन-चार जणांना तो मेंदूत जातो. चांगली धडधाकट मुलं, बाकी कुठलं इन्फेक्शन त्यांना त्रास देत नाही, आणि ह्या एका व्हायरसने मेंदूला सूज. कॅसानोव्हा यांच्या ग्रुपने २००७ मधे दाखवलं की अशा काही मुलांमधे टीएलआर३ च्या जीनमधे दोष असतो. रक्तातल्या पेशी टीएलआर३ शिवाय दुसऱ्या वाटेने इंटरफेरॉन बनवू शकतात, मेंदूतल्या पेशींचा मात्र त्यावरच भर, म्हणून बाकी सगळं शाबूत आणि नेमका मेंदू उघडा. एका वाटेवरचे जीन्स वेळेवर चालू झाले नाहीत, एवढ्याचा हा परिणाम.

मग व्हायरस हे सगळं मुकाट्याने सहन करतो का, तर अजिबात नाही. आयसीपी० हे ई३ युबिक्विटिन लायगेज आहे, म्हंजे ज्या प्रोटीनला ते शिक्का मारतं ते पेशीच्या प्रोटिअसोममधे, म्हंजे प्रोटीन मोडायच्या यंत्रात, जाऊन नष्ट होतं. केंद्रकात पीएमएल नावाच्या प्रोटीनचे गोल ठिपके असतात, व्हायरसचा डीएनए आला की ते त्याच्याभोवती जमा होतात आणि त्याला गुंडाळून गप्प करतात. मायक्रोस्कोपखाली पीएमएल हिरव्या रंगात रंगवलेल्या पेशी बघ, इन्फेक्ट न झालेल्या पेशीत दहा-पंधरा लखलखीत ठिपके दिसतात, आणि जिथे आयसीपी० आलं त्या पेशीत काही तासांत केंद्रक पूर्ण काळं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं अँटीबॉडी घालायची राहिली, मग शेजारच्या पेशीत ठिपके दिसले तेव्हा कळलं की हे खरंच पुसलं गेलंय.

त्यामुळेच एक गोष्ट अशी दिसते जी पहिल्यांदा ऐकणाऱ्याला उलटी वाटते. व्हायरसला अल्ट्राव्हायोलेट दाखवून मारला, म्हंजे तो आत जाईल पण स्वतःचे जीन्स वाचू शकणार नाही, तर पेशीत बचावाचे जीन्स जिवंत व्हायरसपेक्षा जास्त जोरात उठतात. म्हंजे येणं हाच गजर आहे, आणि जिवंत व्हायरस आत आल्यावर पहिलं काम करतो ते तो गजर बंद करायचं. तुझ्या प्रयोगात यूव्ही दिलेल्या व्हायरसचा कंट्रोल आहे का ते तू लिहिलं नाहीस. नसेल तर ठेव, त्याच्याशिवाय अर्धी उत्तरं मिळणार नाहीत.

इथेच पेशी कुठली घेतली ते पण बघावं लागतं. व्हायरस वाढवायला आपण सगळे व्हीरो पेशी वापरतो, हिरव्या माकडाच्या किडनीतल्या, जपानमधे १९६२ साली बनवलेल्या. पण त्या पेशींना टाइप वन इंटरफेरॉन बनवताच येत नाही, ते जीन्सच त्यांच्यात गळालेले आहेत, म्हणून तर व्हायरस तिथे मस्त वाढतो. एका विद्यार्थिनीने तीन महिने व्हीरोमधे इंटरफेरॉन बीटा शोधला होता आणि दर वेळी स्वतःचाच प्रायमर चुकतोय असं समजून नवीन मागवत राहिली, कोणी आधी सांगितलंच नव्हतं तिला. हेला पेशींमधे सीगॅस-स्टिंगची वाट एचपीव्हीच्या प्रोटीन्सनी दाबलेली असते. शक्यतो साधे मानवी फायब्रोब्लास्ट, म्हंजे त्वचेखालच्या जोडणाऱ्या थरातल्या पेशी, घे, त्यांच्यात बहुतेक सगळं शाबूत असतं.

दुसरी बाजू, व्हायरसला हवे असलेले जीन्स. हर्पीस सिम्प्लेक्सच्या बाबतीत ही यादी लोकांना वाटते त्यापेक्षा लहान आहे असं माझं मत आहे, कारण त्याला पेशी फार काळ जगवायचीच नसते, १८-२० तासांत माल तयार करून बाहेर पडायचं असतं. तरी काही गोष्टी मुद्दाम होतात. एनएफ-कॅप्पा-बी जो बचावासाठी उठतो तोच पेशीला लगेच मरण्यापासून पण रोखतो, आणि काम उरकेपर्यंत पेशी जिवंत राहणं व्हायरसच्या फायद्याचं. शिकागोमधल्या एका ग्रुपने २०१९ मधे एकेका पेशीचा आरएनए वेगवेगळा वाचून दाखवलं की ज्या पेशींत व्हायरस सगळ्यात जोरात वाढतोय त्या पेशी चक्क गर्भातल्या पेशींसारख्या वागायला लागतात, बीटा-कॅटेनिन केंद्रकात जातं आणि व्हायरसच्या शेवटच्या पाळीतल्या जीन्सना ते लागतं. आणि बचावाचा कार्यक्रम कुठे चालू होता, तर ज्या थोड्याशा पेशींत व्हायरसचा डाव फसला होता त्यांच्यात. म्हंजे ज्या पेशी व्हायरसपुढे हरल्या त्या वेगळ्या आणि ज्या ओरडल्या त्या वेगळ्या, आणि तू सगळ्या एकत्र वाटून त्यांचा आरएनए काढलास तर दोन्ही एकाच पेशीत घडतंय असं वाटणार. एमओआय १ ने, म्हंजे सरासरी एका पेशीमागे एक व्हायरस घालून, इन्फेक्ट केलं तर हिशोबाप्रमाणे ३७ टक्के पेशींना एकही व्हायरस मिळत नाही हेही लक्षात ठेव.

मुद्दाम चालू करणं म्हंजे काय हे खरं बघायचं असेल तर एपस्टाइन-बार व्हायरसकडे जा. हा पण हर्पीसच्याच कुळातला, १९६४ मधे एपस्टाइन, अचाँग आणि बार यांनी आफ्रिकेतल्या मुलांच्या बर्किट लिम्फोमाच्या गाठीतून वाढवलेल्या पेशींत इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली बघितला, आणि आज मोठ्या माणसांत दहातल्या नऊपेक्षा जास्त जणांच्या अंगात तो असतो. ह्याला पेशी मारायची नाहीये, हा बी पेशीत, म्हंजे अँटीबॉडी बनवणाऱ्या रक्तातल्या पेशीत, शिरतो आणि तिला वाढायला लावतो. ईबीएनए२ नावाचं ह्याचं प्रोटीन डीएनएला स्वतः चिकटू शकत नाही, ते आरबीपी-जे ह्या पेशीच्या प्रोटीनवर जाऊन बसतं. तिथे एरवी शेजारच्या पेशीकडून नॉच नावाचा सिग्नल आल्यावरच कोणीतरी बसतं, म्हंजे सिग्नल न येताच आला असं भासवलं जातं. तिथून ते मिकच्या (पेशीची वाढ चालवणाऱ्या) जीनपासून चार-पाच लाख अक्षरं दूर असलेले एन्हान्सर, म्हंजे लांबून जीनचा जोर वाढवणारे डीएनएचे तुकडे, जागे करतं, डीएनएचा फास वळून ते मिकला येऊन टेकतात आणि पेशी विभागायला लागते. दुसरं प्रोटीन एलएमपी१, ते पडद्यात बसून सीडी४० ह्या बी पेशीच्या स्वतःच्या स्विचचं सोंग घेतं. सीडी४० ला चालू व्हायला टी पेशीचा हात लागतो, एलएमपी१ ला कोणाचीच गरज नाही, ते आपलं आपण एकमेकांना चिकटून कायम चालू. बी पेशीला वाढायला लागणारे असे दोन परवाने व्हायरसने घरीच छापले असं समज.

डिशमधे हे डोळ्यांनी बघण्यासारखं आहे. रक्तातून काढलेल्या बी पेशी एरवी काही दिवसांत मरून जातात. व्हायरस घातला की दोन-तीन आठवड्यांत त्यांचे गुच्छ दिसायला लागतात, नुसत्या डोळ्यांनी फ्लास्क वर धरला तर तळाशी रव्यासारखे दाणे, आणि मग त्या पेशी वर्षानुवर्षं वाढत राहतात. माणसांच्या जीनोममधले फरक शोधायच्या हॅपमॅपसारख्या मोठ्या प्रोजेक्टमधल्या पेशी अशाच एपस्टाइन-बारने अमर केलेल्या होत्या. २०२२ मधे अमेरिकन सैन्यातल्या एक कोटीहून जास्त लोकांच्या नोंदी तपासून असं दिसलं की ह्या व्हायरसची लागण झाल्यानंतर मल्टिपल स्क्लेरोसिसची, म्हंजे मेंदूतल्या आणि डोळ्यांच्या नसांवर शरीर स्वतःच हल्ला करतं त्या आजाराची, शक्यता ३२ पटींनी वाढते, आणि त्याच्या आधी २०१८ मधे दिसलं होतं की ल्यूपस, मल्टिपल स्क्लेरोसिस अशा आजारांशी जोडलेल्या डीएनएच्या जागांपैकी बऱ्याच जागांवर ईबीएनए२ जाऊन बसतं. व्हायरसने कुठला जीन चालू केला हा प्रश्न नुसता परीक्षेचा नाहीये, तीस वर्षांनंतर कोणाची नजर अधू होणार ह्याच्याशी त्याचा संबंध असू शकतो.

आता तिसरा प्रकार, सुक्याबरोबर ओलंही जळतं तसा. १९९७ मधे कॅनडातल्या जेम्स स्मायली यांच्या ग्रुपने दाखवलं की हर्पीस सिम्प्लेक्सने इन्फेक्ट केलेल्या पेशींत अल्फा-ग्लोबिनचा जीन चालू होतो, हिमोग्लोबिनवाला, तो पण रक्ताशी काडीचा संबंध नसलेल्या पेशींत. आयसीपी० आणि आयसीपी४ दोघं हे घडवतात. व्हायरसला हिमोग्लोबिन कशाला हवंय? नकोच आहे. आयसीपी० चं काम व्हायरसच्या डीएनएवर बसवलेली बंदी उठवायचं, आणि ती बंदी घालणारी प्रोटीन्स पेशीच्या स्वतःच्या बंद जीन्सवर पण पहारा देत असतात, त्यांना हटवलं की इकडचीही काही दारं उघडी पडतात. मी बरीच वर्षं हे सगळं असंच नुसतं सांडलेलं समजत होते, पण अलीकडे ह्यातल्या काहींबद्दल मत बदलावं लागलं. डीयूएक्स४ नावाचा जीन गर्भ दोन-चार पेशींचा असताना जेमतेम थोडा वेळ चालू असतो आणि पुढे बहुतेक पेशींत जन्मभर बंद, तो स्नायूत चुकून उघडला तर एका प्रकारची मस्क्युलर डिस्ट्रॉफी होते. हर्पीस सिम्प्लेक्स त्याला उघडतो, परत आयसीपी० आणि आयसीपी४ च्याच हातून, आणि डीयूएक्स४ पुढे गर्भातले बरेच जीन्स उठवतं आणि व्हायरसच्या वाढीला मदत करतं असं दिसलंय. तेव्हा अपघात की बेत, हे एकेका जीनबद्दल तो काढून टाकून बघितल्याशिवाय म्हणू नये.

आणि आता तो प्रकार ज्यासाठी मी एवढं लांबलचक लिहायला बसले, कारण तुझ्या यादीतले बरेचसे जीन्स बहुतेक इथले आहेत. पॉलिमरेज जीन वाचत जातं, शेवटी थांबायची खूण येते, तिथे आरएनए कापला जातो आणि पॉलिमरेज उतरतं. जर्मनीतल्या लार्स डोल्केन आणि कॅरोलिन फ्रीडल यांच्या ग्रुप्सनी २०१५ मधे दाखवलं की हर्पीस सिम्प्लेक्सच्या इन्फेक्शनमधे पेशीच्या हजारो जीन्सवर पॉलिमरेज त्या खुणेला थांबतच नाही, हजारो अक्षरं पुढे धावत सुटतं आणि वाटेत दुसरा जीन आला तर सरळ त्याच्यातून जातं. ठाण्याला थांबायची लोकल न थांबता कळव्यातून धडधडत गेली तर कळव्याच्या प्लॅटफॉर्मवर गाडी आल्याची नोंद होईल पण उतरणार कोणी नाही, तसं. सिक्वेन्सिंगमधे त्या दुसऱ्या जीनवर रीड्स, म्हंजे वाचलेले आरएनएचे तुकडे, दिसतात, सॉफ्टवेअर म्हणतं तीस पट वर, प्रत्यक्षात त्याचा स्वतःचा प्रमोटर झोपलेलाच आहे. आणि हा लांबच लांब आरएनए केंद्रकातच पडून राहतो, रायबोझोमपर्यंत पोचत नाही, त्यामुळे प्रोटीन शून्य. नंतरच्या कामात दिसलं की ह्याला आयसीपी२७ जबाबदार आहे, ते आरएनए कापणाऱ्या यंत्रालाच जाऊन धरतं.

आमच्याकडे असाच एक जीन सापडला होता, नाव नाही लिहीत, मेंदूत एरवी चालणारा, फायब्रोब्लास्टमधे चाळीस पट वर, सगळे खूश, पेपरचा विषय मिळाला म्हणून. मग मी म्हटलं आधी आयजीव्हीत, म्हंजे रीड्स जीनोमवर मांडून दाखवणाऱ्या ब्राउझरमधे, उघडून दाखव. उघडलं तर जीनच्या आधीची सगळी मोकळी जागा रीड्सनी भरलेली, डावीकडे सरकत गेलो, सरकत गेलो, पंचेचाळीस हजार अक्षरं मागे एक भरपूर चालणारा जीन आणि तिथून सुरू झालेली ती शेपटी अखंड आमच्या जीनपर्यंत. जीनच्या सुरुवातीला उंचवटा नाही, इंट्रॉनमधे (जो भाग तयार आरएनएमधून कापून टाकला जातो) रीड्स एक्सॉनइतकेच (जो भाग राहतो). वेस्टर्न ब्लॉटवर, म्हंजे प्रोटीन बनलंय का ते बघायच्या चाचणीत, काहीच नाही. दोन दिवसांत विषय संपला, आणि बरं झालं संपला, नाहीतर त्या पोराची दोन वर्षं गेली असती.

ह्याला जोडून अजून एक. पुस्तकातलं ते काम बंद पाडणं म्हंजे काय तर टेग्युमेंटमधूनच आलेलं व्हीएचएस नावाचं एक प्रोटीन एमआरएनए कापत सुटतं, आयसीपी२७ स्प्लायसिंग बिघडवतं, आणि पॉलिमरेज पेशीचे जीन्स सोडून व्हायरसच्या डीएनएकडे पळतं. त्यामुळे तू क्यूपीसीआरमधे, म्हंजे एकेका जीनचा आरएनए मोजायच्या पद्धतीत, जीएपीडीएच (नेहमी सारखाच असतो असं धरून ज्याच्याशी तुलना करतात तो जीन) घेऊन हिशोब केलास तर फसशील, कारण व्हीएचएस जीएपीडीएचचा एमआरएनए पण कापतं, खालचा आकडा लहान झाला की वरचे सगळे जीन्स आपोआप वाढलेले दिसतात. त्याऐवजी तुलनेला रायबोझोमचा १८एस आरएनए घे. सिक्वेन्सिंगमधे पण तसंच, आठ तासांनंतर रीड्सचा मोठा हिस्सा व्हायरसचाच असतो, पेशीचा केक लहान झालेला असतो आणि जो जीन फक्त कमी कापला गेला तो पण टक्केवारीत वर चढतो. बाहेरून मोजून घातलेला आरएनए असेल तरच खरा आकडा कळतो. आणि नवीन बनलेला आरएनए वेगळा काढायचा असेल तर ४-थायोयुरिडिनने खूण करून घ्यायची, मग कळतं की आत्ता काय लिहिलं जातंय आणि जुनं काय उरलंय.

एक प्रश्न तू विचारला नाहीस पण लोक मला नेहमी विचारतात, की ताप आला, परीक्षा आली, कडक उन्हात फिरलं की ओठावर परत फोड का येतात. घरात म्हणतात उष्णता बाहेर पडली. हे पण जीन चालू होण्याचंच प्रकरण आहे, फक्त उलट्या दिशेने, इथे पेशी व्हायरसचे जीन्स चालू करते. पहिल्या लागणीनंतर व्हायरस चेहऱ्याच्या नसेच्या मुळाशी, ट्रायजेमिनल गँग्लियॉनमधल्या न्यूरॉन्समधे जाऊन बसतो. तिथे एचसीएफ-१ केंद्रकात नसून बाहेर पेशीद्रवात असतं, आणि लांबच लांब अ‍ॅक्सॉनमधून येताना व्हीपी१६ मागे राहून जातं असं मानतात, म्हणून पहिली किल्लीच फिरत नाही आणि पेशी त्या डीएनएला हिस्टोनमधे गुंडाळून ठेवते. न्यूरॉनवर ताण आला की डीएलके, जेएनके ही ताणाची वाट जागी होते, हिस्टोनवर बंदीच्या खुणेशेजारी एक फॉस्फेट लागतो, बंदी ढिली पडते, एचसीएफ-१ केंद्रकात सरकतं, आणि व्हायरस परत वाचला जायला लागतो. नागीण म्हंजे कांजिण्यांचा व्हायरस, त्याचंही साधारण असंच, एकाच नसेच्या मुळातून उठतो म्हणून पुरळ अंगाच्या एका बाजूला पट्ट्यासारखं येतं. नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस जातो ही भीती अजून कित्येक घरांत आहे, तसं काही नसतं, घाबरून झाडपाला लावत बसण्यापेक्षा पहिल्या तीन दिवसांत डॉक्टर गाठा. असायक्लोव्हिर व्हायरसच्या डीएनएची कॉपी काढणं थांबवतं, झोपलेला व्हायरस कॉपी काढतच नसतो, म्हणून औषधाने फोड जातात पण व्हायरस जात नाही.

तर तू आता असं कर. यादीतले वरचे पन्नास जीन्स एकेक करून ब्राउझरमधे उघड, जीनच्या आधीच्या जागेत रीड्स आहेत का बघ, असतील तर बाजूला काढ, माझ्या अंदाजाने यादी बरीच आखडेल. उरलेल्यात इंटरफेरॉनवाले वेगळे कर. मग जे राहतील त्यांच्यासाठी तीन डिश लाव, जिवंत व्हायरस, यूव्ही दिलेला व्हायरस, आणि जिवंत व्हायरस अधिक सायक्लोहेक्झिमाइड, दोन, चार आणि आठ तास, बरोबर व्हायरस न घातलेल्या डिशेस, आणि आयसीपी० नसलेला म्युटंट कुठून मिळाला तर तो पण. शेवटच्या दोन-तीन जीन्सचं प्रोटीन वेस्टर्नवर बघ. हे झालं की कुठले जीन्स उरले ते लिही, मी बघते.